मुलाम्याची विद्या

अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीला तेथे पंचक्रोशीतील भाविक लोटतात. गावातील महाविद्यालय आणि तालुक्याचा साखर कारखाना यांनाही ऋषींचेच नाव आहे. अशा या भूमीत अगस्तींविषयीची एक कथा अलीकडे व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून वारंवार कानी पडते. मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद आणि जस्त यांच्या साहाय्याने वीज कशी निर्माण करावी आणि त्या विजेने एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा कसा चढवावा, हे अगस्तींनी सहस्रावधी वर्षांपूर्वी सांगून ठेवले, असा तिचा आशय असतो. देशात सेमीकंडक्टरच्या कारखान्यांची चर्चा सुरू झाल्यापासून या कथेला आणखी एक जोड देणे सोपे झाले आहे. संगणकाच्या चिपमध्ये तांब्याचे थर विजेनेच चढवतात, तेव्हा ही विद्याही मुळात आपलीच, असे म्हणून टाळ्या घेता येतात.

या विधानाचा पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे. चिपमधील तांबे खरोखरच विजेच्या साहाय्याने, मोरचुदाच्या द्रावणातून चढवले जाते. उत्तरार्धाचे काय करायचे, याचा विचार मात्र ज्यांना आपल्या परंपरेविषयी मनापासून आस्था आहे त्यांनीच प्रथम केला पाहिजे. त्यासाठी आधी ही विद्या आहे तरी काय, ते समजून घेऊ.

धातूवर धातूचा पातळ थर देणे ही गोष्ट आपल्या घरांना अपरिचित नाही. तांब्यापितळेची भांडी रोजच्या वापरात होती तोवर वर्षातून एकदोनदा कल्हईवाला आळीत येत असे. भाता, निखारे, नवसागर, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा एवढ्या साहित्यावर तो पातेल्याच्या आतून कथलाचा चकचकीत हात फिरवी. नवसागराने धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होई आणि मगच कथील त्यावर घट्ट बसे. तो थर कागदाहूनही पातळ, परंतु त्याचे काम मोठे. कल्हई उडालेल्या पातेल्यातले ताक किंवा आमटी कळकते, हे घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. पृष्ठभाग निर्मळ हवा, थर सर्वत्र सारखा हवा आणि ज्या दोन पदार्थांचे एकमेकांशी जमत नाही त्यांच्यामध्ये तिसऱ्याची भिंत हवी, ही तीन सूत्रे कल्हईवाल्याने आपल्या दारात दाखवली आहेत. चिपच्या कारखान्यात हीच सूत्रे कल्पनातीत सूक्ष्मतेने पाळली जातात.

चिप म्हणजे सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर कोरलेले ट्रान्झिस्टरांचे नगर. आजच्या मोठ्या चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. परंतु ते एकमेकांशी जोडलेले नसतील, तर सगळे नगर निरुपयोगी. त्यांना जोडणाऱ्या धातूच्या वाटा एकावर एक अशा मजल्यांनी रचाव्या लागतात. प्रगत चिपमध्ये हे मजले दहाहून अधिक असतात आणि नखाएवढ्या तुकड्यातील वाटांची एकत्रित लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरली, तर चिपमधील सर्वांत खालच्या मजल्यावरच्या वाटा अवघ्या काही दशक नॅनोमीटर रुंद असतात. एवढी सूक्ष्म तार ओढून आणि जोडून बसवणे कोणत्याही कारागिराला शक्य नाही. म्हणून धातू अणुरूपाने आणून थराथराने बसवावा लागतो.

त्याची पहिली पद्धत निर्वात बाष्पीभवनाची. १९५९ साली अमेरिकेत रॉबर्ट नॉइस यांनी एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक घटक घडवून ते ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांनी जोडण्याची कल्पना मांडली आणि आजच्या चिपचा पाया घातला गेला. बंद पेटीतील हवा काढून घ्यायची, ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ समोरच्या चकतीवर थिजू द्यायची, अशी ही रीत आहे. बटाट्याचे वेफर ज्या पिशवीत येतात तिच्या आतील रुपेरी चकाकी बहुधा याच रीतीने प्लास्टिकवर बसवलेल्या ॲल्युमिनियमची असते. पेटीतील हवा काढायची कशासाठी? साध्या हवेत धातूचा सुटा अणू सेंटिमीटरच्या लक्षांश भागाइतका सरळ गेला की वायूच्या रेणूवर आदळतो. वाटेतील ही गर्दी हटवल्याखेरीज तो लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर गंजून पोहोचतो. म्हणून चिपच्या कारखान्यातील पेट्यांमध्ये वातावरणाच्या दाबाच्या अब्जांशाहूनही कमी दाब निर्माण केला जातो. अगस्तींनी समुद्र प्राशन केल्याची कथा आपण ऐकत आलो. या पेट्यांना जोडलेले पंप हवेचा समुद्र असाच पिऊन टाकतात, आणि त्या पोकळीतच पुढची सारी करामत घडते.

दुसरी पद्धत स्पटरिंगची. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये तिचे वर्णन केले होते. निर्वात पेटीत थोडासा अरगॉन वायू सोडायचा, विजेने त्याचे अणू भारित करायचे आणि ते धातूच्या जाड चकतीवर वेगाने आदळू द्यायचे. कॅरमच्या फळीवर स्ट्रायकरचा जोराचा फटका बसला की जमलेल्या सोंगट्या चहूकडे उधळतात. तसेच अरगॉनच्या आघाताने धातूचे अणू उडतात आणि समोरच्या सिलिकॉनवर जाऊन बसतात. ज्या धातूंची वाफ करण्यासाठी प्रचंड उष्णता लागते त्यांचे थरही या रीतीने देता येतात, आणि मिश्रधातूचे प्रमाणही बऱ्याच अंशी टिकून राहते. चिपच्या उद्योगाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली ती याच गुणांमुळे.

ॲल्युमिनियमने सुमारे तीन दशके हा संसार सांभाळला. वाटा अरुंद होत गेल्या तसे त्याचे दोष उघड झाले. अरुंद वाटेतून विजेचा दाट प्रवाह वाहू लागला की इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याबरोबर धातूचे अणूही सरकू लागतात. पावसाळ्यात प्रवरा भरून वाहते तेव्हा काठची माती एका जागी खचते आणि दुसऱ्या जागी साचते, तसेच हे. वाट एके ठिकाणी तुटते, दुसरीकडे फुगून शेजारच्या वाटेला चिकटते. तांबे या लोंढ्यापुढे अधिक टिकाव धरते, शिवाय त्याचा विद्युतरोध ॲल्युमिनियमहून सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी कमी आहे. तरीही तांब्याचा अंगीकार लांबत गेला, याला दोन कारणे होती. एक म्हणजे तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले की ट्रान्झिस्टरला ते विषासारखे बाधतात. दुसरे म्हणजे ॲल्युमिनियमचा सलग थर देऊन नको तो भाग वायूच्या साहाय्याने कोरून काढता येतो, तसे तांब्याचे करता येत नाही.

सप्टेंबर १९९७ मध्ये आयबीएम या कंपनीने तांब्याच्या वाटांची चिप जाहीर केली, तेव्हा या दोन्ही अडचणींवरचा तोडगा जगासमोर आला. आधी काचेसारख्या विद्युतरोधक थरात वाटांच्या आकाराचे चर कोरायचे. चरांच्या भिंतींना स्पटरिंगने टँटॅलमचा अस्तर-थर द्यायचा. पातेल्याला कल्हई, तशी चराला ही टँटॅलमची भिंत. त्यावर पुन्हा स्पटरिंगने तांब्याचा एक पुसट थर बसवायचा, म्हणजे विजेला वाट मिळते. मग ती चकती मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने चर तांब्याने भरायचे आणि वर आलेले जादा तांबे घासून सपाट करायचे. या कृतीला तंत्रज्ञांनी 'डॅमासीन' असे नाव दिले, ते दमास्कस शहराच्या जडावकामावरून. आपल्याला मात्र हे वर्णन वाचताना मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बीदरची आठवण व्हावी. बिद्रीचा कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यावर नक्षीचे चर कोरतो, त्यात चांदीची तार ठोकून बसवतो आणि पृष्ठभाग घासून इतका सपाट करतो की बोटाला नक्षी लागत नाही. चर, भराव आणि घासाई हा क्रम दोन्हींकडे तोच आहे.

आता पुन्हा त्या श्लोकांकडे वळू. 'अगस्त्य संहिता' या नावाने अभ्यासकांना परिचित असलेला मध्ययुगीन ग्रंथ रामोपासनेचा आहे. विजेच्या घटाचे म्हणून जे श्लोक सांगितले जातात, त्यांचे प्राचीनत्व विद्वन्मान्य झालेले नाही. हे लिहिताना कोणाच्या श्रद्धेला धक्का देण्याचा हेतू नाही. अगस्तींविषयीचा आदर त्या श्लोकांवर अवलंबून नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेला जोडणारे, उत्तर आणि दक्षिण यांना एका संस्कृतीच्या सूत्रात गुंफणारे ऋषी म्हणून भारतीय मनात त्यांचे स्थान अढळ आहे. उलट, ज्याचा पुरावा देता येत नाही असा दावा आपण त्यांच्या नावावर मांडतो, आणि उद्या एखादा चौकस विद्यार्थी मूळ हस्तलिखित कोठे आहे असे विचारतो, तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसते. त्या मुलाच्या मनात मग शंका केवळ त्या श्लोकांविषयी राहत नाही, सबंध परंपरेविषयीच घर करते. हे नुकसान कोणत्याही बाहेरच्या टीकाकाराने केलेल्या नुकसानीहून मोठे आहे.

शिवाय, असा आधार शोधण्याची आपल्याला गरजच काय? राजस्थानातील झावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन करणाऱ्या मध्ययुगीन भट्ट्यांचे अवशेष आजही जमिनीवर उभे आहेत. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हवेत लगेच जळून जाते. म्हणून ते शुद्ध स्वरूपात मिळवणे अत्यंत अवघड. ते काम आपल्या कारागिरांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवले, तेव्हा युरोपला ते साधलेले नव्हते. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने अशा पद्धतीचे एकस्व घेतले ते १७३८ मध्ये. हा पुरावा जगाने मान्य केला आहे. परंतु याच झावरची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती विद्या पुढे खंडित झाली. विसाव्या शतकात देशात जस्ताचे कारखाने उभे राहिले, ते त्या भट्ट्यांच्या अखंड परंपरेतून उगवले नाहीत. हातातून सुटलेली विद्या संग्रहालयात शोभते, तिच्यावर राष्ट्र चालत नाही.

परंपरा जिवंत ठेवणे म्हणजे काय, याचे उत्तर अकोले तालुक्यानेच देशाला दिले आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान बियाण्यांच्या थोरवीवर व्याख्याने देऊन समाधान मानले नाही. बी गोळा केले, पेरले, निवडले, साठवले आणि शेजारच्या बाईच्या ओंजळीत दिले. दरवर्षी मातीत जाणारे बीच टिकते, हा त्यांच्या कामाचा सारांश आहे. धातूच्या थराच्या विद्येलाही तोच नियम लागू आहे.

या दृष्टीने आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहिले तर मन विषण्ण होते. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला १९७६ मध्ये मान्यता मिळाली आणि १९८४ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. म्हणजे आपण फार मागे नव्हतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे आग लागली आणि तो प्रकल्प वर्षानुवर्षे मागे पडला. परंतु एका आगीने सबंध देशाची विद्या थांबावी, इतकी ती एकाच ठिकाणी कोंडलेली होती, ही खरी शोकांतिका. पुढे २००६ मध्ये ही संस्था अवकाश विभागाकडे गेली. आता ती इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तेथेच घडलेला, प्रक्षेपकांसाठीचा 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना संमत केली आणि मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथे टाटा समूहाच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत आणि त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि कारखाना उभारणे आणि विद्या आत्मसात करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. थर देणारी मोठी यंत्रे अमेरिका, जपान, युरोपातील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. यात अधिक बोचणारी गोष्ट अशी की, पातळ थरांच्या शास्त्रावरचा जगन्मान्य ग्रंथ एका भारतीयाने लिहिला आहे. प्रा. कस्तुरीलाल चोप्रा यांचा 'थिन फिल्म फिनॉमिना' हा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी दिल्लीच्या आयआयटीत अध्यापन केले आणि खरगपूरच्या आयआयटीचे संचालकपद भूषवले. जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्या ग्रंथावरून धडे घेतले. ग्रंथ आपला आणि यंत्र परक्यांचे, ही स्थिती पन्नासहून अधिक वर्षे टिकली. बुद्धी आणि हात यांची फारकत झाली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नात स्वतःची कितपत शक्ती वाया घालवली, याचाही हिशेब मांडला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा नियोजित प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा राज्यात आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्यावरून एवढे भांडण झाले तो संयुक्त प्रकल्प कोठेच उभा राहिला नाही. त्या दहा महिन्यांत राज्यातील किती महाविद्यालयांत निर्वात यंत्रावर काम करू शकणारे विद्यार्थी तयार झाले, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने विचारला नाही. कारखाना अनुदान देऊन आणता येतो. तो चालवणारी माणसे आधी घडवावी लागतात.

ती घडवण्याची साधने राज्यात नाहीत असे मुळीच नाही. पवईच्या आयआयटीमध्ये २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे उत्कृष्टता केंद्र आहे. अप्लाइड मटेरिअल्स या अमेरिकी कंपनीने दिलेली थर देण्याची यंत्रे तेथे आहेत. आपल्या प्रयोगशाळेत अशी सोय नसलेल्या संशोधक-विद्यार्थ्यांना ती वापरता यावीत म्हणून २००८ पासून एक राष्ट्रीय उपक्रमही चालवला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तर महागडी निर्वात यंत्रे नसतानाही साध्या रासायनिक द्रावणांतून पातळ थर बसवण्याच्या पद्धतींवर अनेक दशके काम करून देशविदेशात नाव मिळवले आहे. साधनांची टंचाई ही सबब होऊ शकत नाही, हा कोल्हापूरचा धडा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप-निर्मितीचा पदविका अभ्यासक्रमही आणला. चिपच्या कारखान्याला केवळ आरेखनकार लागत नाहीत. पंपाचा आवाज बदलला हे ओळखणारा, पेटीतील गळती शोधणारा, थराची जाडी मोजणारा पदविकाधारक आणि विज्ञानाचा पदवीधरही तेथे हवा असतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र संगणकाची शाखा मिळाली नाही की मुलाचे नशीब फिरले असे मानले जाते. हा समज बदलण्याची वेळ आली आहे.

अकोल्यात चिपचा कारखाना येईल, असे कोणी म्हणणार नाही आणि तशी मागणी करण्याचेही प्रयोजन नाही. परंतु या डोंगराळ तालुक्यातील मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी संगमनेर, नाशिक, पुणे येथे जातच असतात. ती कोणती विद्या घेऊन जातात, हे ठरवणे आपल्या हाती आहे. त्याची सुरुवात आश्रमशाळेच्या साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. द्राक्ष-डाळिंबाच्या शेतकऱ्याला बोर्डो मिश्रणासाठी लागणारे मोरचूद, तांब्याचे दोन पत्रे, एक विजेरी, प्रवाह मोजण्याचे साधन आणि एक अचूक तराजू एवढे साहित्य पुरेसे आहे. मोरचूद विषारी असते, म्हणून शिक्षकांची देखरेख मात्र हवीच. एक अँपिअरचा प्रवाह तासभर सोडला की एका पत्र्यावर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे चढते. पत्र्याचे क्षेत्रफळ दोन्ही बाजू मिळून १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर थराची जाडी सुमारे १३ हजार नॅनोमीटर येते. प्रयोगापूर्वी आणि नंतर पत्र्याचे वजन घ्यावे, गणित मांडावे आणि उत्तर का चुकले ते शोधावे. चिपमधील बारीक वाटांची खोली याच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, हे कळल्यावर त्या मुलाला जगातील सर्वांत अवघड उद्योगाचे दार कोठे उघडते ते दिसेल.

आपल्या कार्यकर्त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. अगस्तींच्या नावाने व्याख्यान ठेवायचे ठरले, तर त्याच दिवशी सकाळी हा प्रयोगही ठेवावा. जवळच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एखाद्या प्राध्यापकाला बोलवावे, तालुक्यातील शाळांचे विद्यार्थी जमवावेत आणि प्रत्येकाच्या हाती पत्रा आणि वही द्यावी. विज्ञानाच्या पदवीला बसलेल्या दोघा-तिघांना पवई किंवा कोल्हापूर येथील प्रयोगशाळा पाहण्यासाठी स्वखर्चाने धाडावे. वर्षाकाठी एका तालुक्यातून असा एक जरी विद्यार्थी या क्षेत्रात स्थिरावला, तरी दहा वर्षांत त्याच्यामागे वाट तयार होते. 'हे आमच्याकडे पूर्वीच होते' हे वाक्य उच्चारायला कोणतेही कष्ट पडत नाहीत. 'हे आम्हांला येते' हे वाक्य मात्र तराजूवर तोलून सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करणारी पिढी अकोल्यासारख्या तालुक्यातून उभी राहणे हीच अगस्तींच्या नावाला शोभणारी गुरुदक्षिणा ठरेल.